दुबईच्या वाटेवर लाल समुद्र नाही, मग तुमचं भाडं का वाढलं?

प्रश्न विचारणारे भाऊ सावद्याजवळचे आहेत. त्यांच्या शेतकरी उत्पादक कंपनीने आजवर व्यापाऱ्यामार्फत केळी आखातात पाठवली. आता स्वतःच्या नावावर महिन्याला तीन कंटेनर दुबईला पाठवायचा विचार आहे. तिथला खरेदीदार सीआयएफ भाव मागतोय, म्हणजे जहाजाचं भाडं आणि विमा धरून दुबईपर्यंतचा भाव. एजंटाने भाड्याचा आकडा दोनदा वाढवला, एक बुकिंग पुढच्या जहाजावर ढकललं आणि कारण दिलं ‘लाल समुद्र’. त्यावर भाऊ विचारतात: “नकाशा उघडून पाहिला. न्हावा शेव्याहून दुबईला जाताना लाल समुद्र कुठेच लागत नाही. मग आम्हाला गंडवलं जातंय का? आणि युद्धाचं सावट आहे तोवर निर्यात थांबवावी का?”

भाऊ, मी चोपड्याकडचा. २२ वर्षं हाच धंदा करतोय. जळगाव एमआयडीसीतल्या चटया, डाळ, मिरची आणि गेली बारा-तेरा वर्षं केळी, असा आपल्याकडचा माल जहाजावर चढवून देतो. तुम्ही नकाशा बरोबर वाचलात. एजंटही बहुधा खोटं बोलत नाही. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा, ते आधी सांगतो. मात्र भाड्याच्या आकड्याने तुमचं जेवढं लक्ष वेधलंय तेवढी त्याची लायकी नाही. केळीच्या धंद्यात युद्ध माल क्वचित बुडवतं, ते दिवस खातं. ते खाल्लेले दिवस कुणाच्या खात्यावर पडणार हे घडाला विळा लावण्याआधी ठरलंय का, हा तुमचा खरा प्रश्न आहे. तो तुम्ही विचारलाच नाहीत, म्हणून उत्तर लांबणार.

आधी भाडं. समजा भुसावळ आगारातून रोज एक गाडी पुण्याला सोडायची आहे आणि जाऊन-येऊन दोन दिवस लागतात. दोन गाड्यांत काम भागतं. उद्या वाटेतला घाट बंद झाला, वळसा पडला, जाऊन-येऊन चार दिवस लागायला लागले, की तीच ‘रोज एक गाडी’ टिकवायला चार गाड्या लागतात. जादा दोन कुठून येणार? यावल, फैजपूरच्या फेऱ्या कमी करून. यावलच्या माणसाचा त्या घाटाशी काडीचा संबंध नसतो, पण थांब्यावर ताटकळत तोच उभा राहतो. तुम्ही ते यावलचे प्रवासी आहात.

आता जहाजांवर या. १९ नोव्हेंबर २०२३ ला येमेनच्या हुथींनी हेलिकॉप्टरमधून माणसं उतरवून ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज लाल समुद्रात ताब्यात घेतलं. मग क्षेपणास्त्रं आणि ड्रोनचे हल्ले सुरू झाले. डिसेंबरच्या मध्यापासून मोठ्या कंटेनर कंपन्यांनी बाब-अल-मंदेब आणि सुएझची वाट सोडून जहाजं आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. आशिया ते युरोप या प्रवासात एका बाजूला दहा ते चौदा दिवस वाढले. हिशेब करून बघा. एखादी आठवडी सेवा ७० दिवसांत फेरी पूर्ण करत असेल तर तिला १० जहाजं लागतात. जाताना १२ आणि येताना १२ दिवस वाढले की फेरी ९४ दिवसांची झाली. दर आठवड्याला जहाज सोडायचं तर आता १४ लागतात. ही चार जहाजं रातोरात बांधून होत नाहीत. ती दुसऱ्या मार्गांवरून उचलली जातात, आणि जिथे भाडं कमी तिथून आधी उचलली जातात. भारत-आखात हा जवळचा, कमी भाड्याचा मार्ग.

जहाजांपेक्षाही आपल्याला जास्त चावतो तो रिकाम्या रीफरचा, म्हणजे थंड कंटेनरचा तुटवडा. आपल्या देशात थंड कंटेनरमधून येणारा माल कमी आणि जाणारा जास्त, त्यामुळे रिकामे रीफर मुद्दाम आणावे लागतात. तेच डबे आफ्रिकेला वळसा घालत दोन-दोन आठवडे जास्त समुद्रावर राहिले की वेळेवर परत येत नाहीत. जे आहेत ते कंपनी जास्त भाडं देणाऱ्याला देते. त्यात जेबेल अली या दुबईच्या बंदराची गर्दी. जेद्दाहसारख्या लाल समुद्रावरच्या बंदरांचा काही माल तेव्हा आखातातल्या बंदरांत उतरून वाळवंटातून ट्रकने जाऊ लागला. म्हणजे तुमच्या दुबईच्या बंदरात ज्यांचं एरवी काही काम नव्हतं असे डबेही रांगेत आले. जहाज बाहेर नांगर टाकून थांबतं, परतीला उशीर होतो, आणि न्हावा शेव्यात शुक्रवारी लागणारं जहाज मंगळवारी लागतं किंवा वेळापत्रक सांभाळायला न्हावा शेवा वगळूनच पुढे जातं.

ड्र्यूरी या लंडनच्या संस्थेचा जागतिक भाड्याचा निर्देशांक आहे. ४० फुटी कंटेनरमागे तो नोव्हेंबर २०२३ अखेरीस सुमारे १,४०० डॉलर होता, जुलै २०२४ मध्ये ५,९०० डॉलरच्या घरात गेला. हा आकडा मुख्यतः चीनमधून निघणाऱ्या मोठ्या मार्गांचा आहे, आपल्या दुबईचा नाही. पण हवा कुठून वाहते ते त्यावरून कळतं, म्हणून मी तो दर गुरुवारी बघतो.

लांबच्या युद्धाने खानदेशाचा बाजार हलणं काही नवं नाही म्हणा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी झाली, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, मँचेस्टरचा कापूस अडला, आणि आपल्या कापसाला कुणी स्वप्नात पाहिला नव्हता असा भाव आला. युद्ध संपलं तसा तो उतरलाही.

इथवर लाल समुद्राची गोष्ट झाली. पण तुमच्या वाटेवर दुसरं एक खरं चिंचोळं दार आहे, होर्मुझची सामुद्रधुनी. सर्वांत अरुंद जागी ती सुमारे ३३ किलोमीटर आहे. जेबेल अली त्या दाराच्या आत. कुवेत, बहरीन, कतार, सौदीचं दम्माम, इराकचं उम्म कस्र, सगळी आत. दाराच्या बाहेर आहेत ती अमिरातीचीच खोर फक्कन आणि फुजैरा, ओमानची सोहार आणि सलालाह, इराणचं चाबहार. १३ एप्रिल २०२४ ला याच भागात इराणने ‘एमएससी एरिस’ हे कंटेनर जहाज ताब्यात घेतलं. २५ खलाश्यांपैकी १७ भारतीय होते आणि जहाज न्हावा शेव्याकडे यायला निघालेलं होतं. म्हणजे तुमची केळी ज्या वाटेने जाणार त्याच वाटेने उलट. जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराणचं युद्ध बारा दिवस चाललं, तेव्हा या भागात जहाजांचे जीपीएस बिघडवले जात होते, १७ जूनला ओमानच्या आखातात दोन टँकर एकमेकांवर आदळले. आज या दाराची काय स्थिती आहे ते मी मुद्दाम लिहीत नाही. ते आठवड्याला बदलतं, आणि कापणीच्या आधल्या दिवशी तुम्हाला ते नव्याने विचारावंच लागेल.

तर एजंटाच्या बिलातला ‘वॉर रिस्क’, म्हणजे युद्धजोखमीचा अधिभार, कुठून येतो? लंडनमध्ये विमेकऱ्यांची जॉइंट वॉर कमिटी आहे. ती जगातल्या धोक्याच्या समुद्रांची यादी काढते. फुजैराजवळ जहाजांवर हल्ले झाल्यावर मे २०१९ मध्ये आखाताचा सगळा भाग त्या यादीत गेला. यादीतल्या पाण्यात जहाज न्यायचं तर मालकाला जादा हप्ता भरावा लागतो, साधारण सात दिवसांसाठी, जहाजाच्या किमतीच्या टक्केवारीत. २०२४ च्या सुरुवातीला लाल समुद्रासाठी हा दर एक टक्क्याच्या आसपास पोचला होता. दहा कोटी डॉलरचं जहाज असेल तर एका फेरीला दहा लाख डॉलर. जहाजावर ५,००० कंटेनर असतील तर डब्यामागे २०० डॉलर. इतकं मी समजू शकतो. कुणी ८०० मागत असेल तर मी त्याला खुर्चीवर बसवून चहा देतो आणि हिशेब मागतो.

गंडवणूक ओळखायची हीच रीत. एकरकमी आकडा घेऊ नका. मूळ सागरी भाडं, इंधनाचा अधिभार, वॉर रिस्क, गर्दीचा अधिभार, टर्मिनलचा खर्च, रीफरच्या विजेचा खर्च आणि एजंटाचं स्वतःचं, असं फोडून लेखी मागा. कंपन्या अधिभाराच्या सूचना तारखेसह आपल्या वेबसाइटवर टाकतात, ती सूचना मागा. कोणत्या तारखेच्या बीएलपासून (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीची मालाची पावती) लागू हे बघा. एका महाभागाने कोलंबोला जाणाऱ्या चटयांच्या कंटेनरवर लाल समुद्राचा वॉर रिस्क लावलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. विचारल्यावर ‘टायपिंग मिस्टेक’ म्हणाला. असे असतात, पण सगळे असे नसतात.

भाड्याचा तुमच्या केळीवर नेमका किती भार पडतो, तेही मांडून घ्या. डॉलर ८५ रुपयांचा धरा. भाडं १,००० डॉलरने वाढलं तर ८५,००० रुपये. ४० फुटी रीफरमध्ये साधारण २० टन माल बसतो. किलोमागे सव्वाचार रुपये. दुखतंच, पण हा आकडा आधी माहीत असतो, तो भावात घालता येतो, खरेदीदाराशी भांडता येतं. एका कंटेनरची केळी वाटेत पिकली तर मात्र किलोमागे सगळेच रुपये जातात, आणि ते आधी माहीत नसतं.

म्हणून आता दिवसांकडे वळतो. केळी तुम्हाला मी काय शिकवणार, पण बंदराच्या बाजूने ती कशी दिसते ते ऐका. कापणी, फण्या काढून तुरटीच्या पाण्यातून धुणं, बॉक्स, प्री-कूलिंग, मग १३-१४ अंशांवर रीफर. त्याच्या खाली गेलं की साल काळवंडते, वर गेलं की पिकायची घाई. मे महिन्यात भुसावळ-रावेर पट्ट्यात ४५ अंश असताना घडाच्या पोटातली उष्णताच काढायला कितीतरी तास जातात. ते तास वाचवून गरम माल डब्यात भरणारे पॅकहाऊस मला माहीत आहेत. रीफर थंड माल थंड ठेवतो, गरम माल थंड करायला तो बनवलेला नाही. एरवी सगळं सुरळीत असेल तर कापणीपासून दुबईच्या रायपनिंग चेंबरपर्यंत (केळी पिकवायच्या खोलीपर्यंत) दहा-बारा दिवसांत काम होतं, त्यातला समुद्रावरचा वेळ चार-पाच दिवसांचा. चांगली हाताळलेली, योग्य पक्वतेची केळी तीन आठवडे हिरवी राहते, त्याहून थोडी जास्तही. म्हणजे तुमच्या हातात आठ-दहा दिवसांची गंगाजळी आहे. शांततेच्या काळात ती कुणी मोजत नाही. युद्धाच्या काळात सगळा धंदा तिच्यावर चालतो.

ती कशी उडते ते माझ्याच उदाहरणाने सांगतो. २०२४ च्या सुरुवातीची गोष्ट. रावेर तालुक्यातल्या एका गटाचा कंटेनर आम्ही दुबईसाठी भरला. बुकिंग कन्फर्म होतं. गाडी रात्रीतून निघाली, दुसऱ्या दिवशी टर्मिनलच्या आत गेली, प्लग लागला. त्याच संध्याकाळी मेल आला की जहाज न्हावा शेवा वगळून पुढे गेलं. पुढचं जहाज आठवड्याने. तेही आलं तेव्हा आमचा डबा रोल झाला, म्हणजे जागा नाही, पुढच्याला बघू. तेरा दिवस डबा यार्डात उभा होता. तापमानाचा आलेख सरळ रेषेत, मशीन एक मिनिटही बंद पडलं नाही, आणि आत केळी आपलं वय जगत होती. शेवटी आम्ही ‘बॅक टू टाऊन’ केलं, म्हणजे कस्टमची परवानगी घेऊन माल बंदरातून परत बाहेर काढला. त्यात आणखी तीन दिवस. दार उघडलं तर दोन-तीन रांगांमध्ये पिवळी बोटं. एक पिकली की तिच्या वायूने शेजारचीही पिकायला लागते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. वाशीला जो भाव मिळाला त्यात बॉक्सच्या पुठ्ठ्याचे आणि गाडीभाड्याचे पैसे धरले तर केळीला जवळजवळ काहीच आलं नाही.

चूक कुणाची? जहाज कंपनीने बीएलच्या मागच्या बारीक अक्षरांत आधीच लिहून ठेवलेलं असतं की वेळापत्रकाची हमी नाही, बंदर वगळायचा, दुसऱ्या सुरक्षित बंदरात माल उतरवायचा हक्क तिचा. आणि खरं सांगायचं तर पहिली चूक माझी. ‘बुकिंग कन्फर्म आहे, कापा’ असं फोनवर मी म्हटलं होतं. बुकिंग कन्फर्म म्हणजे कागद कन्फर्म, जहाज नव्हे. तेव्हापासून माझा नियम असा आहे की न्हावा शेव्याच्या आधीच्या बंदरातून जहाज सुटल्याचं ट्रॅकिंगवर दिसत नाही तोवर मी कुणाला कापणीचा शब्द देत नाही. याने मजूर टोळीचं नियोजन विस्कटतं, बागेत घड दोन दिवस जास्त राहतो, कधी टोळी दुसऱ्याच्या बागेत निघून जाते. मान्य आहे. झाडावरची केळी मात्र तेरा दिवस यार्डात उभी राहत नाही.

कापणीचंच आणखी एक. अशा काळात मी पक्वता थोडी कमी, ७५ टक्क्यांच्या आसपास ठेवायला सांगतो. बोट बारीक भरतं, घडाचं वजन मारलं जातं, शेतकरी नाराज होतो. पण चार-पाच दिवस हिरवेपणाचे मिळतात. वजन सोडायचं की दिवस, हा सौदा तुमच्या सभासदांसमोर आधीच मांडा, नाहीतर पॅकहाऊसवर भांडण ठरलेलं. हे नवती बागेला (नव्या लागवडीला) जितकं सहज जमतं तितकं पिलबागेला (जुन्या झाडाच्या पिलांवर धरलेल्या बागेला) जमत नाही, कारण तिथे घड एकसारखे नसतात आणि कमी पक्वतेत छाटाछाट वाढते.

विमा काढलाय, असं त्या गटानेही म्हटलं होतं. इथे बहुतेक जण फसतात म्हणून जरा थांबून सांगतो. सागरी मालाच्या विम्याची जी सर्वांत व्यापक संरक्षण देणारी कलमं, इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस ए, त्यांत युद्ध वगळलेलं आहे. युद्धासाठी वेगळा वॉर क्लॉज जोडून घ्यावा लागतो. तो जोडला तरी तो पाण्यावर चालतो, जमिनीवर नाही. माल जहाजावर चढला की सुरू, उतरला की संपला, आणि शेवटच्या बंदरात उतरलाच नाही तर जहाज पोचल्यानंतर १५ दिवसांनी संपला. ही पाण्यापुरतीची रीत स्पेनची यादवी चालू असताना, १९३७ च्या सुमारास विमा कंपन्यांनी ठरवली. बॉम्बने एका शहरातल्या गोदामांचं जेवढं नुकसान होतं तेवढं भरून द्यायची कुणाची ऐपत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. म्हणजे यार्डात उभ्या डब्यावर ड्रोन पडला तर वॉर क्लॉज तुम्हाला ओळखणार नाही.

याहून महत्त्वाचं कलम उशिराचं. उशिरामुळे झालेलं नुकसान भरून मिळत नाही, मग तो उशीर विमा उतरवलेल्या धोक्यामुळे झालेला असला तरी. सर्व्हेअर आला, केळी पाहिली, तापमानाचा आलेख पाहिला आणि कागदावर एकच शब्द लिहिला: विलंब. वॉर क्लॉज असेल आणि जहाजावर क्षेपणास्त्र डब्यावर पडलं तर पैसे मिळतात, क्षेपणास्त्राच्या भीतीने डबा तेरा दिवस थांबला तर मिळत नाहीत. आपल्या बाबतीत घडतं ते नेहमी दुसरं.

जहाजावरच हल्ला झाला आणि तुमचा डबा शाबूत राहिला तरी एक खर्च लागू शकतो, जनरल ॲव्हरेज. जहाज वाचवायला झालेला खर्च जहाजमालक आणि सगळे मालवाले मिळून भरतात, आणि हमी दिल्याशिवाय तुमचा माल सुटत नाही. २०२१ मध्ये सुएझमध्ये अडकलेल्या ‘एव्हर गिव्हन’च्या वेळी हेच झालं. विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते. केवळ एवढ्यासाठीसुद्धा विना विमा माल पाठवू नये असं मी म्हणतो.

निर्यात पतहमी देणारी सरकारी कंपनी ईसीजीसी वेगळी. खरेदीदाराच्या देशात युद्ध झालं आणि पैसे अडकले, किंवा भारताबाहेर जहाजाचा मार्ग बदलल्याने जादा भाडं अथवा विमा भरावा लागला आणि तो खरेदीदाराकडून वसूल होत नाही, अशा गोष्टी तिच्या पॉलिसीत येतात. केळी पिकली ही त्यातली गोष्ट नव्हे, तो मालाचा स्वभाव. पॉलिसी काढताना दुबईपुरता विचार करू नका. तुमचा माल दुबईहून पुढे इराक किंवा इराणला जाणार असेल तर ते अधिकाऱ्याला स्पष्ट सांगा.

आता तुमच्या सीआयएफचं. सीआयएफमध्ये भाडं आणि विमा तुमचा, पण माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची. ऐकायला छान. पण जहाज कंपनीशी करार तुमच्या नावाने आहे. निघाल्यावर तिने जेबेल अलीऐवजी सोहारला किंवा खोर फक्कनला माल उतरवला आणि जादा खर्चाचं बिल काढलं, तर ते तुमच्या दारात येतं. खरेदीदार म्हणतो, मी दुबई पोच भाव दिलाय. आणि सीआयएफमधला विमा इन्कोटर्म्सप्रमाणे (आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या अटींच्या नियमांप्रमाणे) सर्वांत कमी दर्जाचा असला तरी चालतो, युद्ध त्यात येतच नाही. खरेदीदाराने मागितलं आणि त्याचा खर्च दिला तर जोडायचं.

मग एफओबी करा, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच तुमची जबाबदारी, असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. तेरा दिवसांच्या गोष्टीत आमचा सौदा एफओबीच होता! डबा जहाजावर चढलाच नव्हता, म्हणून जोखीम पूर्ण आमची राहिली. कंटेनरच्या मालाला एफसीए ही अट बरी. डबा वाहतूकदाराच्या ताब्यात दिला, टर्मिनलचं गेट ओलांडलं, की जोखीम पलीकडे गेली. दुबईचा खरेदीदार नव्या पुरवठादाराला एफसीए देईल का? बहुधा नाही. रमजानच्या आधीचे तीन-चार आठवडे देईल, तेव्हा त्याला मालाची निकड असते. एरवी माझा मध्यममार्ग असा: भाव सीएफआर (भाडं धरून, विमा वगळून) किंवा सीआयएफच ठेवा, पण करारात तीन ओळी घाला. भाव सात दिवसांपुरता. बुकिंगनंतर लागलेले युद्धाचे आणि मार्गबदलाचे अधिभार खरेदीदाराचे, मूळ सूचना दाखवून. आणि जहाज कंपनीने दुसऱ्या बंदरात उतरवलं तर तिथेच पोच धरायची, पुढची वाहतूक त्याची. तीनही मिळाल्या नाहीत तर दुसरी सोडू नका.

एक मात्र नीट विचारून घ्या. तो माल ठरलेल्या भावाने घेतोय की ‘कन्साइनमेंट’वर, म्हणजे तिथे विकून कमिशन कापून पैसे पाठवणार? दुसरं असेल तर वरच्या अटींना फारसा अर्थ उरत नाही, कारण जोखीम शेवटपर्यंत तुमचीच. आणि युद्धाच्या काळात त्यातला खरा घात उशिरापेक्षाही वेगळा असतो. वाट मोकळी झाली की तीन आठवड्यांचे अडलेले डबे एकाच आठवड्यात जेबेल अलीत उतरतात. सगळ्यांची केळी एकदम, सगळी पिकायच्या बेतात. तिथला बाजार आपटतो. तुमचा डबा वेळेत पोचला, माल उत्तम, तरी पट्टी बघून रडू येतं.

आणि इकडे उलटं. बंदरात डबे अडले की निर्यातीचा माल दिल्लीच्या आझादपूर बाजाराच्या गाड्यांत चढतो, बऱ्हाणपूर-रावेरचे भाव घसरतात. ज्याने आयुष्यात कंटेनर पाहिला नाही त्या शेतकऱ्यालाही हा फटका बसतो. तुमच्या कंपनीच्या सभासदांना हे आधी सांगितलेलं बरं, म्हणजे ‘तुमच्या निर्यातीने आमचं काय भलं झालं’ हा प्रश्न सभेत वेगळ्या सुरात येईल.

म्हणून ‘थांबावं का’ याचं एक उत्तर सगळ्यांना देता येत नाही. चटईवाल्याला मी अशा काळात थांबू नको म्हणतो. त्याचा माल वीस दिवस उशिरा पोचला तर व्याज जातं, माल जात नाही. त्याला भाड्याची धास्ती जास्त, कारण चटईच्या डब्याची किंमतच कमी, आणि तेल भडकलं की प्लॅस्टिकचा दाणाही महागतो. तुमचं नेमकं उलट आहे. तुम्ही भाडं सोसू शकता, दिवस सोसू शकत नाही. शिवाय युद्धात कधी कधी वाट आपली नाही, दुसऱ्याची लांबते. इक्वेडोरची केळी आखातात यायची तर ती सुएझ आणि लाल समुद्रातून येणार. ती वाट बंद असताना होर्मुझ शांत असेल, तर चार-पाच दिवसांवर असलेल्या आपल्या केळीला तिथे मान वाढतो. होर्मुझच पेटलं असेल तर हा फायदा शून्य. लाल समुद्राची बातमी आणि होर्मुझची बातमी वेगवेगळी वाचा, एवढंच म्हणतो.

तुमच्या जागी मी असतो तर तीनांपैकी एकच कंटेनर स्वतःच्या नावावर पाठवला असता, दोन अजून व्यापाऱ्यामार्फत. व्यापारी तुमच्याकडून बांधावर रोखीने घेतो, तेव्हा तो तेरा दिवसांची जोखीम स्वतःच्या अंगावर घेतो. त्याची जी ‘मलई’ तुम्हाला दिसते तिच्यातला बराच भाग याच जोखमीचा मोबदला आहे. शांत वर्षात ती मलई वाटते. स्वतःच्या डब्यासाठी दोन वेगवेगळ्या जहाज कंपन्यांचे दर हातात ठेवा, आणि जी थेट जाते ती निवडा, मधल्या बंदरात जहाज बदलणारी स्वस्त असली तरी नको. आझादपूरच्या एका आडत्याशी आधीच बोलून ठेवा की माल बंदरातून परत फिरला तर तो किती दिवसांत, कोणत्या भावाच्या आसपास उचलेल. टर्मिनलमध्ये डबा किती दिवस थांबला की परत आणायचा, तो आकडाही आजच ठरवा. माझा सहा आहे. सातव्या दिवशी अजून एक दिवस बघू असं प्रत्येकालाच वाटतं, मलाही वाटलं होतं.

तुमची बाग नवती आहे की पिलबाग, कापणी कोणत्या महिन्यात येते, आणि दुबईवाला ठरलेल्या भावाने घेतोय की कन्साइनमेंटवर, हे तीन कळवा. एजंटाचा फोडलेला दर आला तर तोही इथेच टाका, नाव झाकून. कोणता अधिभार रास्त आणि कोणता ‘टायपिंग मिस्टेक’, ते ओळीओळीने सांगतो.